तीस सेकंदांची चढाई, सगळ्या अंगाचा व्यायाम

व्यायाम म्हटले की आपल्या वस्तीतल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर आता एकच चित्र येते: जिम, आरसा आणि फुगलेले दंड. महिन्याची फी भरायची, चार-सहा महिने छाती आणि दंड घडवायचे, मग कामाच्या पाळ्या बदलल्या की सोडून द्यायचे. पाय तसेच काडीसारखे, पाठ तशीच वाकलेली आणि तीन जिने चढले की धाप. जिमला आमचा विरोध नाही. नीट शिकवणारा असेल तर तिथेही सगळ्या अंगाचा व्यायाम होतो. पण एक खेळ असा आहे की ज्याला फी लागत नाही, यंत्र लागत नाही आणि जो मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकही स्नायू रिकामा बसू देत नाही. तो आपल्याच वस्त्यांच्या मैदानांत आणि विहाराच्या अंगणांत वर्षानुवर्षे खेळला गेला आहे. या अंकात आम्ही कबड्डीबद्दल लिहीत आहोत. खो-खो, लेझीम, दोरीवरच्या उड्या आणि पोहणे ओघाने येतील, पण मुख्य विषय कबड्डीच.

चढाईला जाणाऱ्या खेळाडूकडे नीट बघा. तो ताठ उभा राहून कधीच जात नाही. गुडघे वाकलेले, कंबर खाली, वजन पायाच्या चवड्यांवर, हात पुढे. या अवस्थेत नुसते अर्धा मिनिट उभे राहून पाहा, मांड्या थरथरायला लागतात. त्याच अवस्थेत त्याला पुढे, मागे आणि आडवे सरकायचे असते. पायाने गडी मारायला लाथ फिरवली की सगळा तोल एका पायावर येतो, तिथे पोटाचे आणि कमरेचे स्नायू शरीर धरून ठेवतात. पकड झाली की चार-पाच जणांना ओढत मध्यरेषेकडे जायचे, त्यात पाठ, खांदे, मान आणि हात सगळे एकदम लागतात. मध्यरेषेवर नुसते बोट टेकले तरी पुरते, म्हणून शरीर जितके लांबवता येईल तितके ताणले जाते.

बचाव करणाऱ्याचे काम निराळे. कोपऱ्यातला खेळाडू झटक्यात खाली बसून घोटा धरतो, तेव्हा बोटांची आणि मनगटाची ताकद लागते आणि त्याच क्षणी मांड्यांनी मागे रेटावे लागते. साखळीत दोघे एकमेकांचे हात धरून एका चालीने सरकतात. एकाचा पाय चुकला की दोघेही गेले. म्हणजे ताकदीइतकेच डोळ्यांचे आणि डोक्याचे काम आहे. समोरचा कुठल्या पायावर वजन टाकतो आहे, हे पाऊण सेकंदात ओळखायचे. हे यंत्रावर बसून येत नाही.

आणि हे सगळे चालू असताना तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. नियम असा की हा उच्चार एका दमात आणि ऐकू येईल असा व्हायला हवा. चढाईची मुदत ३० सेकंद. श्वास हळूहळू सोडत राहायचा आणि त्याच वेळी पळायचे, वाकायचे, सुटायचे. यासाठी श्वासपटल, बरगड्यांमधले स्नायू आणि पोटाचे स्नायू यांना शिस्त लागते. पूर्वीचे लोक खेळाडूची पारख ‘याला दम आहे’ या एका वाक्यात करायचे, ते उगाच नव्हे. गुटख्याची पुडी दाताखाली ठेवून किंवा विडी ओढून मैदानात उतरणारे आम्ही पाहिले आहेत. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे वय कळते.

पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, प्रत्येक बाजूला सात खेळाडू. चढाई संपली की लगेच समोरच्या संघाची चढाई, मग पुन्हा आपली. थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडा वेळ सावधपणे सरकणे, मग पुन्हा जोर. हृदय आणि फुप्फुसे मजबूत करायला अशी चढउतार फार उपयोगी पडते. मोठ्या जिममध्ये हेच ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणून पैसे घेऊन करवतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर जी निदान रेषा असते, ती ओलांडल्याशिवाय किंवा कुणाला स्पर्श केल्याशिवाय चढाई करणारा परत आला तर तो बाद. म्हणजे रेषेजवळ रेंगाळून वेळ काढण्याची सोयच नाही.

एक काळ होता, महाराष्ट्रात याला हुतूतू म्हणत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यात कबड्डी होती. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांचे संघ आणि चाळींची मंडळे यांनी हा खेळ जगवला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, महिलांची कबड्डी मात्र २०१० साली ग्वांगझूला आली. वीस वर्षे मुलींनी वाट पाहिली. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. पुढे हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारताचे शंभरावे पदक महिला कबड्डी संघानेच आणले.

आता एक प्रश्न, जो आम्हाला विहारातल्या आरोग्य शिबिरांत हमखास विचारला जातो. “दिवसभर झाडू मारतो, बांधकामावर पाट्या उचलतो, चार घरची धुणीभांडी करतो. आम्हाला कसला आणखी व्यायाम?” प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कष्टाचे कामही शरीराची हालचालच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही कामावरच्या हालचालीला व्यायामाच्या हिशोबातून वगळलेले नाही. अडचण वेगळी आहे. काम एकाच बाजूचे असते. सफाई कामगाराची कंबर तासन्‌तास एकाच कोनात वाकलेली, हमालाचा एकच खांदा दबलेला, भांडी घासणाऱ्या बाईची मनगटे आणि मान सतत पुढे झुकलेली. तेच सांधे झिजतात, बाकीचे शरीर तसेच राहते. त्यात विश्रांती आपल्या हातात नसते, मुकादमाच्या हातात असते. म्हणून अशा माणसाने पाळी संपवून दमलेल्या अंगाने कबड्डीच्या पकडीत उतरू नये, दुखापत होईल. त्याने कामात ज्या बाजूला वाकतो त्याच्या उलट बाजूला अंग ताणावे, सुट्टीच्या दिवशी चालावे, पोहता येत असेल तर पोहावे. पूर्ण जोराची कबड्डी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी आणि दिवसभर खुर्चीत किंवा रिक्षात बसून काम करणाऱ्या तरुणांसाठी आहे. रिक्षावाले, चौकीदार, कॉल सेंटरवाले आणि डिलिव्हरी करणारे आपल्या वस्त्यांत वाढत आहेत. दिवसभर थकून येतात, पण अंग हललेले नसते.

किती खेळावे? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंग मेहनतीची हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ती हाडे आणि स्नायू मजबूत करणारी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम. आठवड्यात तीन संध्याकाळी तासभर कबड्डी झाली तर मोठ्यांचा हा हिशोब एका खेळातच पुरा होतो. लहानपणी आणि तरुणपणी उड्या, धावणे, रेटारेटी यांनी हाडांत जो भरणा होतो तो पुढे म्हातारपणी कामाला येतो. तिशीनंतर तो भरणा फारसा वाढत नाही, फक्त टिकवायचा असतो. आपल्या आयाबायांची हाडे साठीत मोडतात, त्याचे एक कारण चौदाव्या वर्षी बंद झालेल्या खेळात असते.

आणि इथेच आमचे खरे दुखणे आहे. वस्तीत दहा वर्षांच्या मुली मुलांच्या बरोबरीने धावताना दिसतात. तेरा-चौदाला त्या गायब होतात. पाळी सुरू झाली, ‘आता मोठी झाली’, घरकाम वाढले, मैदानाच्या कडेला टपोरी पोरे उभी राहतात, अशी अनेक कारणे. पाळीच्या दिवसांत खेळण्याने काहीही बिघडत नाही. उलट बऱ्याच मुलींना हालचालीने कंबरेचे आणि ओटीपोटाचे दुखणे कमी जाणवते. ज्या दिवशी फारच दुखते त्या दिवशी बसावे, तेही तिच्या मर्जीने. विटाळ मानणे आपण सोडले म्हणतो, मग तो मैदानाच्या दारात का उभा राहतो? मुलींना खेळवायचे असेल तर दोन गोष्टी आधी करा. छातीला नीट आधार देणारे आतले कपडे आणि सैल नसलेला टी-शर्ट-पँट घेऊन द्या, आणि जवळपास पॅड बदलता येईल अशी बंद जागा ठेवा. विहाराचे स्वच्छतागृह संध्याकाळी उघडे ठेवले तरी काम भागते. मैदानाच्या कडेला रोज दोन वडीलधाऱ्या बाया खुर्ची टाकून बसल्या की टपोऱ्यांचा प्रश्नही आपोआप सुटतो.

पकडीची भीती असणाऱ्या घरांसाठी खो-खो आहे. यात अंगाला अंग भिडत नाही, पण मेहनत कमी नाही. आठ जण चौकोनात उकिडवे बसतात, खो मिळताच उठून पळायचे आणि दिशा ठरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. उकिडव्या अवस्थेतून वेगाने उठणे हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. पळणारा वाकडेतिकडे पळतो, खांबाला वळसा घालताना सगळे शरीर आत झुकवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्याआधी २०२० साली धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला होता. नोकरीत खेळाडूंचा कोटा असतो, ही गोष्ट दहावी-बारावीच्या मुलींच्या घरी सांगायला हरकत नाही. कधी कधी आरोग्यापेक्षा तेच लवकर पटते.

लेझमीला लोक खेळ म्हणून मोजत नाहीत, पण मराठीत आपण लेझीम ‘खेळतो’ असेच म्हणतो. खांदे, मनगटे, कंबर, वाकणे, बसणे, उठणे आणि हे सगळे ठेक्यात. पन्नाशीच्या बाईलाही झेपते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत लेझमीची पथके असत तेव्हा पथकाचा सराव महिना-महिना आधी चाले. आता भिंतीएवढे स्पीकर आले आणि लोक जागच्या जागी हात वर करून उभे राहतात. छाती धडधडते खरी, पण ती व्यायामाने नव्हे. एखाद्या वस्तीने पुढच्या एप्रिलसाठी लेझमीचे पथक आत्तापासून उभे केले तर तेवढ्या मंडळींचा रोजचा व्यायाम आपसूक होईल.

दोरीवरच्या उड्यांना सहा बाय सहा फूट जागा पुरते. पोटऱ्या, मांड्या, खांदे, मनगटे आणि हृदय सगळ्यांचे काम होते. सुरुवातीला २० उड्या, मग दम घ्या, असे पाच वेळा. उडी फार उंच मारायची नाही, दोरी पायाखालून जाईल एवढीच, आणि चवड्यावर उतरायचे. सिमेंटपेक्षा मातीवर केलेले बरे. ज्या बायांना बाळंतपणानंतर खोकताना किंवा उडी मारताना लघवी सुटते त्यांनी उड्या थांबवाव्यात आणि लाज न बाळगता दवाखान्यात विचारावे. त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे सोपे व्यायाम आहेत. हे दुखणे घरोघर आहे आणि कुणी बोलत नाही.

पोहण्याबद्दल थोडे. पाणी शरीराचे वजन उचलून धरते, म्हणून गुडघे दुखणाऱ्या जाड माणसालाही पोहता येते आणि पाण्याचा अडसर प्रत्येक हाताला, प्रत्येक पायाला ताण देतो. सगळ्या अंगाच्या व्यायामात त्याचा क्रमांक फार वर आहे. पण आपल्या समाजात पोहणारे कमी का, याचा विचार केला तर उत्तर इतिहासात सापडते. ज्या विहिरीवर घागर लावायला बंदी, त्या विहिरीत पोराला कंबरेला दोर बांधून कोण उतरवणार होते? महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला. आज महापालिकेच्या तरणतलावांची फी आणि वेळा या दोन गोष्टी आड येतात. शाळेच्या सुट्टीतल्या शिकवणीच्या तुकड्यांची चौकशी मंडळाने एकत्र करून गटाने नावे घालावीत. एक कळकळीची सूचना: दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात आणि पुराच्या नदीत मुलांना पोहायला शिकू देऊ नका. खाणीचा काठ सरळ तुटलेला असतो, पाय टेकायला जागाच नसते.

आता जे सांगणार आहोत ते विदर्भातल्या वाचकांनी दोनदा वाचावे. विदर्भातल्या आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे जनुक बऱ्याच घरांत आहे. नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला आलेल्या कुटुंबांतही ते सोबत आले आहे. आई किंवा बाप एकाकडूनच ते जनुक मिळाले तर माणूस ‘वाहक’ असतो. त्याला रोग नसतो, तो सगळे खेळ खेळू शकतो. दोघांकडून मिळाले तर तो सिकलसेलचा रुग्ण. त्याच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे आणि सांधे असह्य दुखतात. दमछाक, अंगातले पाणी कमी होणे, कडक ऊन आणि एकदम थंडी ही दुखण्याचा झटका येण्याची नेहमीची कारणे. अशा मुलाला पूर्ण जोराची कबड्डी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळवू नये. पण म्हणून त्याला कोपऱ्यात बसवूनही ठेवू नये. चालणे, सावलीत हलकी लेझीम, मध्ये मध्ये पाणी आणि विश्रांती, एवढे बहुतेकांना झेपते. गुण लिहायला, पंचाचे नियम शिकायला त्याला घ्या. खेळताना पाय दुखतात म्हणणाऱ्या पोराला ‘नाटकं करतो’ म्हणून दामटवण्याआधी त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारा.

वाहकांनाही एक काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या लष्करी प्रशिक्षणात आणि कॉलेजच्या खेळाडूंमध्ये असे दिसून आले की उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम अति श्रम केले तर क्वचित वाहक माणूसही कोसळतो. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. महिनाभर काही न करता एका दिवसात मैदानाच्या दहा फेऱ्या मारायच्या नाहीत, दर आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे. पाय एकदम लटके पडले, पेटके आल्यासारखे वाटते पण पोटरी हाताला टणक लागत नाही, धाप कमी होत नाही, तर खेळ तिथेच थांबवा, सावलीत आणा, पाणी द्या आणि दहा-पंधरा मिनिटांत आराम नाही तर सरळ दवाखाना. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास लागत असेल तर दहा मिनिटेही थांबू नका. सिकलसेलची पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, ती आली तर पुढची पक्की तपासणी सरकारी रुग्णालयात. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही चालू आहे. मंडळाने संघ निवडण्याआधी सगळ्या मुलामुलींची ही चाचणी एका दिवशी करून घेतली तर पुढे लग्नाच्या वेळीही तो कागद उपयोगी पडेल. दोन वाहकांच्या संसारात प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, म्हणजे त्यांना पंडुरोग होता. अशा मुलीला चढाईत दम पुरत नाही आणि प्रशिक्षक तिला आळशी ठरवतात. मोठ्या मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असू नये. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यायची. शौच काळे होते, त्याला घाबरायचे नाही. जंताची गोळीही चुकवू नये. सिकलसेलचा रुग्ण असेल तर मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. जेवणासोबत चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्याने लागते.

खेळाडूच्या खुराकासाठी डब्यातल्या महागड्या पावडरी लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी किंवा मूग, शेंगदाणे-गूळ, अंडी, सुकट, बोंबील, आठवड्यातून एकदा कलेजी, हे आपल्या घरात होतेच. खेळण्याआधी दोन तास पोटभर जेवू नये, तासभर आधी केळे किंवा मूठभर फुटाणे चालतात. काही जिममध्ये अंग लवकर भरावे म्हणून इंजेक्शने आणि नाव नसलेल्या गोळ्या देतात. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असते. त्यांनी यकृत बिघडते, रक्तदाब वाढतो, वीर्य कमी होते. अशी गोळी हातात आली तर ती दवाखान्यात दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांना खेळाचा फायदा सगळ्यांत लवकर दिसतो. चालू असलेला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि मांड्या-नितंबांचे स्नायू सगळ्यांत मोठे असल्यामुळे ते जास्त ओढतात. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण चरित्रांत वाचले आहे. आज तोच आजार वस्तीत चाळिशीच्या आत येतो आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी खेळू नये आणि खिशात गूळ किंवा साखर असावी. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी ती तोंडात टाकायची, मग बसायचे. चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाबवाल्यांनी आणि चालताना छातीत जड वाटणाऱ्यांनी तपासणी केल्याशिवाय सामन्यात उतरू नये. ‘जुने खेळाडू विरुद्ध नवे खेळाडू’ अशा जयंतीच्या सामन्यांत वर्षभर न खेळलेले काका एकदम चढाईला जातात, आम्हाला त्यांचीच धास्ती वाटते.

कबड्डीत दुखापती होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. गुडघा पिरगळतो, घोटा मुरगळतो, खांदा निखळतो, बोटे मोडतात. निम्म्या दुखापती सुरुवातीची तयारी न केल्याने होतात, असे आमचे मत आहे. आधी दहा-पंधरा मिनिटे हलके धावणे, गुडघे वर उचलणे, खांदे फिरवणे, दोन्ही बाजूंना वाकणे. नव्या मुलांना पहिले दोन आठवडे पकड शिकवूच नका, नुसता स्पर्शाचा खेळ खेळवा. कसे पडायचे हे पकडीच्या आधी शिकवा: हात ताठ टेकवून नव्हे, तर खांद्यावरून लोळत. नखे कापलेली, अंगठ्या-कडी-गळ्यातली साखळी काढलेली, हा नियमच आहे. मुरगळले तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका, शेकूही नका. निखळलेला सांधा जागेवर ओढून बसवणारे हौशी लोक प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना बाजूला करा आणि हात गळ्यात बांधून दवाखाना गाठा. डोक्याला मार लागून उलटी झाली, गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच रुग्णालय. मातीत खरचटले की साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात १० आणि १६ वर्षांना असते, ती झाली आहे का ते कार्डावर बघा. जखम खोल किंवा घाणेरडी असेल तर पुन्हा विचारून घ्या.

राहता राहिले मैदान. पूर्ण मापाची जागा नसली तर लहान चौकोन आखा, खेळाडू पाच-पाच करा, खेळ तोच राहतो. विहाराच्या अंगणात फरशी बसवायचा ठराव पुष्कळ ठिकाणी येतो. निम्मे अंगण मातीचे ठेवा असे आम्ही सुचवू. फरशीवर पडलेले गुडघे आम्ही पाहिले आहेत. उरलेल्या जागेत दुचाक्या लावू नका. जयंतीचा किंवा लग्नाचा मंडप निघाला की खांबांचे खड्डे त्याच संध्याकाळी माती आणि मुरूम घालून, पाणी मारून ठोकून घ्या. मग आठ-दहा जणांनी ओळीत चालत, वाकून, खिळे, सुतळीचे तुकडे आणि बाटल्यांच्या काचा वेचाव्यात. वरवरची मोकळी माती एकदा चाळून घेतली तर बारीक काचही निघते. पावसाळ्यात पाणी साचत असेल तर मैदानाच्या एका कडेला वीतभर चर काढा आणि तो गटाराला जोडण्याआधी गटाराचे पाणी उलटे मैदानात येणार नाही ना, हे पहिल्या जोरदार सरीत उभे राहून बघा.